‘तू कशी शेस?’ – बाळंतपणानंतरचे माझे दिवस

माझी लेक २० एप्रिल २०२४ ला झाली. सिझर करावं लागलं. सहाव्या दिवशी दवाखान्यातून सोडलं आणि मी सरळ माहेरी आले, अमळनेर तालुक्यात. घर जुनं, धाब्याचं, म्हणून आत जरा बरं. अंगणात मात्र दुपारी पाय ठेववत नव्हता. पारा ४३-४४ ला टेकलेला. नवरा सुरतेला नोकरीला, दर शनिवारी रात्री गाडीत बसून रविवारी सकाळी अमळनेरला उतरायचे आणि संध्याकाळी परत.

आईनं खोली आधीच तयार ठेवली होती. बाज, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची पुरचुंडी, डिंकाच्या लाडवांचा डबा. आणि एक ताकीद: “पानी कमी पे, पोट सुटी.” तिच्या सासूनं तिला हेच सांगितलं होतं. मीही ऐकलं, कारण वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. दहाव्या दिवशी लघवीला आग सुरू झाली, संध्याकाळी ताप भरला. शौचाला इतका खडा धरला की जोर लावताना टाके तुटतील असं वाटायचं. तपासलं तर लघवीच्या जागी जंतुसंसर्ग. डॉक्टरबाईंनी मला बाजूला ठेवून आईलाच समोर बसवलं आणि सांगितलं, पाण्यानं पोट सुटत नाही; या उन्हात अंगावर पाजणारीला दिवसाला तीन लिटर तरी पाणी लागतंच. आई घरी आली ती आधी माझ्या बाजेशेजारी माठ मांडायला. शेगडीही तिनंच उचलून नेली. धुरी बंद झाली, कारण तो धूर बाळाच्या छातीत जातो.

तरी आईच्या सगळ्याच गोष्टी मोडीत काढाव्यात असं मला वाटलं नाही. अळीवाची खीर, तेलानं पाय चोळणं (पोटाला हात लावायचा नाही, एवढंच डॉक्टरांनी बजावलं होतं), आणि सव्वा महिना बाळंतिणीनं चुलीकडे फिरकायचं नाही हा दंडक, हे सगळं मला हवंच होतं. सिझर म्हणजे पोटावरचं मोठं ऑपरेशन. त्यानंतर कुणीतरी हक्कानं ‘निजून राहा’ म्हणणं ही फार मोठी गोष्ट आहे. उठायचं कसं हे नर्सताईंनी शिकवलं होतं: आधी कुशीवर वळायचं, पाय बाजेखाली सोडायचे, मग हातांवर भार देऊन बसायचं. खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायची.

पाजण्याचं दुखणं वेगळंच. बोंडांना चिरा पडल्या होत्या, लेकीला जवळ घेताना मी दातओठ खायचे. वहिनीनं एकदा शेजारी बसून नीट पाहिलं. लेक नुसतं टोकच तोंडात धरत होती. तिचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडू द्यायचं, हनुवटी छातीला टेकवायची, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्यायचा. टाक्यांवर भार नको म्हणून तिला काखेत धरून, पाय माझ्या पाठीकडे करून पाजायचं. चार दिवसांत चिरा भरायला लागल्या. दूध पुरतंय का याची धास्ती गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंनी घालवली: चोवीस तासांत सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय आणि वजन वाढतंय, म्हणजे पुरतंय.

शरीराचं हे सगळं सांगता येत होतं, म्हणून त्यावर इलाजही झाला. मनाचं मी सांगितलंच नाही.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू यायचं. बऱ्याच जणींना येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळतं, हे मला ठाऊक होतं. माझं निवळलं नाही. लेक झोपली तरी मला झोप येत नव्हती. ती श्वास घेतेय का हे बघायला मी रात्रीतून वीसदा उठायचे आणि सकाळी तिला मांडीवर घेताना मला काहीच वाटायचं नाही. घर माणसांनी भरलेलं. बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही म्हणून कुणी ना कुणी खोलीत असायचंच. येणारी प्रत्येक बाई लेकीला बघायची, नाक कुणावर गेलंय ते बोलायची, माझ्या हातात पैसे ठेवायची आणि जायची.

१० मेला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, मारुतीच्या देवळामागच्या निंबाला झोके बांधलेले. लग्नाआधी त्या झोक्यासाठी मी दिवस मोजायचे. त्या दुपारी गाणी खिडकीतून ऐकू येत होती आणि मला वाटत होतं, त्या बायका पार दुसऱ्या गावात आहेत.

दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत त्यांच्या ठरलेल्या भेटी असतात. लेकीचं वजन केलं, ताप पाहिला, श्वास मोजले. मग वही मिटून आमच्या अहिराणीत म्हणाल्या, “पोरनं जाऊ दे. तू कशी शेस?” म्हणजे, पोरीचं राहू दे, तू कशी आहेस? इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “बरी शे.” त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांचा नंबर एका कागदावर लिहून माठाखाली ठेवून गेल्या.

१३ मेला लोकसभेचं मतदान होतं. घरचे सगळे शाळेवर गेले. लेक रडायला लागली. मी तिच्याकडे बघत बसले, उचललं नाही. मी नसते तर हिचं जास्त चांगलं झालं असतं, असा विचार आला आणि तो मला इतका साधा, इतका खरा वाटला की त्याचीच भीती वाटली. त्या रात्री दोन वाजता मी १४४१६ लावला. मनाच्या त्रासासाठीची टेली-मानस ही सरकारी फोनसेवा फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी पहिलं विचारलं, घरात आत्ता जागं कोण आहे? कुणी नाही, म्हणाले. त्या म्हणाल्या, फोन चालू ठेवा आणि आईला उठवा. मी उठवलं.

आई माझ्याजवळ येऊन बसली. सगळं ऐकलं. बराच वेळ ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, माझा भाऊ झाला तेव्हा तिलाही असंच झालं होतं. एकदा ती विहिरीच्या काठापर्यंत जाऊन परत आली होती. छत्तीस वर्षांत तिनं हे माझ्या वडिलांना, आप्पांनाही सांगितलं नव्हतं.

सकाळी आशाताईंना फोन केला. त्या आमच्यासोबत दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याचा. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल होता. तिथं मी खरं लिहिलं. त्याच दिवशी जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. अंगावर पाजताना चालते अशी गोळी सुरू झाली. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील हे त्यांनी आधीच सांगितलं, आणि ते सांगितलं म्हणूनच मी पहिल्या आठवड्यात गोळी सोडली नाही.

तोवर घरानं मला धरून ठेवलं. रात्री नऊ ते दोन लेक आईकडे; फक्त पाजायला माझ्याकडे आणायची, ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं तिचं. सलग झोप मिळायला लागली तसं डोक्यातलं धुकं थोडं हललं. नवऱ्यानं पंधरा दिवस रजा टाकली. येणाऱ्या बायकांना वहिनी ओट्यावरच चहा पाजून परत पाठवायची. लोक काय म्हणतील, असं आप्पा एकदाच बोलले. आईनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आंघोळीनंतर लेकीचं अंग पुसताना तिनं माझं बोट घट्ट धरलं आणि मला हसू आलं. वहिनीनं ते दारातून पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवून रडायलाच लागली.

जुलैत सुरतेला निघाले. आईनं पिशवी भरली: लाडू, दादर ज्वारीचं पीठ, लेकीची घुंची. सगळ्यात वर माझ्या गोळ्या आणि डॉक्टरांचा कागद. त्याआधी तिनं माझ्या सासूबाईंना स्वतः फोन लावला. मी शेजारच्या खोलीत ऐकत होते. पोरीला काय झालं होतं ते तिनं काहीही न लपवता सांगितलं, आणि म्हणाली, “ईनबाई, गोळी सहा महिने चालू ठेवायची आहे. रोज रात्री जेवण झालं की तुम्हीच तिच्या हातात द्या.”