सूझाचा येशू आणि आमचा गडगा

लंडनला शनिवारी पेंटिंग क्लासला जाते, तिथे अधूनमधून एक सल्ला फुकट मिळतो, 'चित्रात जरा तुझं कल्चर येऊ दे की'. म्हणजे मोर, कमळ, मेंदीची नक्षी, झालंच तर हत्ती. आता मी सावंतवाडीची, आमच्या बाजूला हत्ती येतात ते दोडामार्गात माड नि केळी आडवी करायला, त्यांची नक्षी कोण काढणार!

असं कोणी बोललं की मला चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा आठवतो. हा 1924 सालचा, गोव्यातल्या साळगावचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. वडील तान्हेपणीच गेले, आई कपडे शिवून घर चालवायची, पोराला देवी आल्या तेव्हा तिने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला आणि पोर वाचलं म्हणून नावात फ्रान्सिस आलं. (देव कुठलाही असो, नवस आमच्याकडे कोणाला सुटत नाही.) पुढे मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून काढून टाकलं, 1947 ला रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलावंतांचा गट काढला आणि 1949 ला साहेब लंडनला.

आता भारतातून आलेल्या चित्रकाराकडून लोकांची काय अपेक्षा असणार, आणि याने काढला काय, तर क्रुसावरचा येशू! 1959 चं त्याचं 'क्रुसिफिक्शन' इथल्या टेट या कलासंग्रहालयात आहे. काळाकभिन्न येशू, दात विचकलेले, अंगभर काट्यांसारख्या रेघा, करुणा वगैरे शोधायला जाऊ नका, भीतीच वाटते. कोणी म्हणेल ही युरोपची नक्कल, पण ज्याने लहानपणी गोव्यातल्या चर्चमध्ये तो रक्ताने माखलेला, जटा काट्यांत गुंतलेला भलामोठा येशू खालून मान वर करून बघितलाय त्याला तो युरोपचा कसा वाटेल? तो गावचाच. सूझाने स्वतः लिहून ठेवलंय त्या चर्चबद्दल, पाद्र्यांच्या भरजरी झग्यांबद्दल, आणि दरारा नि राग दोन्ही आहे त्यात.

रझाचं सोपं होतं असं नाही म्हणत मी, पण 1950 ला पॅरिसला जाऊन कितीतरी वर्षांनी तो बिंदूच्या चित्रांवर आला, आणि बिंदू म्हटलं की लगेच सगळ्यांना भारत दिसतो. सूझाचं तसं नाही, त्याचं भारतीय असणं ओळखायला आधी गोवा माहीत पाहिजे. मला म्हणूनच तो जास्त जवळचा वाटतो, स्वभावाने किती का भांडखोर असेना.

तर मी सध्या गडगा काढतेय. कोकणाबाहेरच्यांसाठी, गडगा म्हणजे चिऱ्याचे, म्हणजे तांबड्या जांभ्याचे, दगड नुसते एकावर एक रचून घातलेलं कुंपण. चिऱ्याचा रंग मिळता मिळत नाही, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकटा फार गोड दिसतो, त्यात अलिझरिनचा गडद लाल घातला की मटणाच्या रश्शासारखं होतं, आणि चिऱ्याला भोकं असतात, त्यांत पिवळी माती बसलेली असते ती वेगळीच. क्लासमधल्यांना ती विटांची भिंत वाटते. वाटू दे.

आईला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तर तिचा लगेच फोन. "अगो, ह्यो आपल्या परड्यातलो गडगो मा? मगे शेवाळ खंय गेला?"

बरोबर बोलली. पावसात हिरवं असतं ते शेवाळ उन्हाळ्यात वाळून काळं पडतं आणि निम्मा गडगा काळाच दिसतो. सूझाने 1965 च्या सुमाराला नुसत्या काळ्यावर काळा रंग लावून चित्रं केली होती, तिरक्या उजेडात रंगाचे उंचवटे बघावे तेव्हा चेहरा दिसतो. येत्या शनिवारी तसंच करून बघते, काळा जाड घेऊन, पॅलेट नाइफने. आमच्या क्लासच्या ट्यूबलाइटमध्ये त्यातलं काय दिसेल देव जाणे, पण आईला दिसलं पाहिजे.