पिवळ्या गाईखालचं मातकट वासरू

स्कॉटलंडच्या हायलँड जातीत तांबड्या वळूपासून पिवळ्या गाईला मातकट वासरू होत नाही. लाखात एखादं होत असेल असंही नाही. पश्चिम स्कॉटलंडमधल्या आर्गाइल भागातल्या एका कळपाच्या नोंदी मी बघतो. तिथून आलेल्या, वासराच्या वंशनोंदणीच्या अर्जावर आई पिवळी, बाप तांबडा आणि कालवड 'डन', म्हणजे करड्या मातीच्या रंगाची, असं लिहिलेलं दिसलं. अर्ज बाजूला ठेवला आणि सकाळीच रानात गेलो.

हायलँड गुरांचा रंग मुख्यतः दोन जनुकांवर ठरतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एमसी१आर या जनुकाची काळा रंग देणारी एक प्रत असली तरी जनावर काळ्या जातकुळीचं होतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच ते तांबडं. दुसरं जनुक पीएमईएल. त्यातला एक बदल रंग फिका करतो. फिकेपणाची एक प्रत असली की काळ्याचं मातकट होतं आणि तांबड्याचं पिवळं. दोन असल्या की काळ्याचं रुपेरी आणि तांबड्याचं पांढरं. पिवळी गाय आणि तांबडा वळू, दोघांकडेही काळा द्यायलाच नाही. त्यांच्या पोटी निम्मी वासरं तांबडी, निम्मी पिवळी.

आधी रंगच नीट पाहून घेतला, कारण नवजात वासराचा मातकट रंग आणि काळपट तांबडा यांत गफलत होते. भिजलेल्या केसांवर तर विसंबूच नये. नाकपुडीची कातडी आणि कानाची आतली बाजू बघायची. या कालवडीचं नाक गडद राखाडी होतं. मातकटच, शंका नको.

मालकाचा संशय शेजाऱ्याच्या काळ्या वळूवर. २० जुलैला तो दगडी बांध ओलांडून आत आला होता आणि दुसऱ्या दिवशी परत नेला. कालवडीचा जन्म २९ एप्रिलचा, म्हणजे २८३ दिवस. गाभणकाळाचा हिशेब चपखल बसतो. काळा बापाकडून, फिकेपणा पिवळ्या आईकडून, रंगही बसतो. मालक तर बापाचं नाव बदलूनच अर्ज पाठवायला निघाला होता.

पण कालवड जन्मली त्याच रात्री त्याच रानात एक मातकट गायही व्याली होती, आणि तिच्याखाली तांबडी कालवड पीत होती. तांबड्या वळूपासून मातकट गाईला काळं, मातकट, तांबडं, पिवळं असं काहीही होऊ शकतं, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. व्यायला टेकलेली गाय आधीच दुसरीचं वासरू चाटायला लागते, तिची स्वतःची वेण पुढे सरकते, आणि पहिल्या काही तासांत वास पक्का झाला की दोघीही आपापल्या चुकीच्या वासरावर ठाम. सकाळी येणारा माणूस कोण कुणाला पितंय ते बघून वहीत लिहितो. एका रानात एका रात्री दोन गाई व्याल्या की ही वही पुरावा नसते, असं माझं मत आहे.

त्यामुळे बांधावरून वळू आला त्या सुमारास भरलेल्या सगळ्या गाईंच्या वासरांचे नमुने घ्यायचं ठरलं. खोड्यात घेऊन शेपटीच्या गोंड्यातले तीसचाळीस केस बोटाला गुंडाळून एका झटक्यात उपटायचे. कापलेले केस कामाचे नाहीत. डीएनए लागतो तो मुळाशी असलेल्या पांढऱ्या गाठीतला. शेण लागलेले केस टाकून द्यायचे. ओले केस प्लॅस्टिकच्या पिशवीत कुजतात, म्हणून कागदी पाकीट. आणि पाकिटावर आधी कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहायचा, मग केस आत. नंबर म्हणजे यूके, पुढे कळपाचे सहा आकडे, एक पडताळणीचा, मग जनावराचे पाच. जुळ्यांच्या बाबतीत रक्तापेक्षा केसच बरे; गर्भात वारेतून रक्त एकमेकांत मिसळलेलं असतं आणि निकाल गोंधळतो.

प्रयोगशाळा डीएनएमधल्या ठरावीक जागा, म्हणजे खुणा, तपासते आणि प्रत्येक खुणेवर बघते की वासराची एक प्रत आईशी आणि दुसरी बापाशी जुळते का. एखाद्याच खुणेवर बिनसलं तर ती वाचनातली चूक किंवा नवा बदल असू शकतो. अनेक ठिकाणी बिनसलं की नातं नाही.

निकाल आला. दोन्ही कालवडी तांबड्या वळूच्याच होत्या, फक्त आयांची अदलाबदल झालेली. सरकारी जन्मनोंद मुदतीत, २७ दिवसांच्या आत झाली होती, पण दोघींच्या पासपोर्टवर, म्हणजे गुरांच्या सरकारी ओळखपत्रावर, आईचा नंबर चुकीचा होता. तो आधी दुरुस्त करून घेतला, मगच या जातीची वंशनोंद ठेवणाऱ्या हायलँड कॅटल सोसायटीचे अर्ज. सोसायटी १८८४ची, हर्डबुकाचा, म्हणजे वंशनोंदवहीचा, पहिला खंड १८८५चा. त्या साखळीत एक चुकीची आई शिरली की तिच्या पुढची प्रत्येक पिढी चुकीची. नावंही बदलावी लागली, कारण मालक आईच्या कुळाचं गेलिक नाव पुढे चालवतो आणि त्याला रंगाचा शब्द जोडतो, तांबड्याला 'रुअ', मातकटाला 'ओअर'.

बांध ओलांडून आलेला वळू मात्र निर्दोष नव्हता. त्याच पाकिटांमध्ये एका काळ्या गाईच्या काळ्या गोऱ्ह्याचे केस होते. काळी गाय, तांबडा वळू, काळं वासरू, यात खटकण्यासारखं काहीच नाही. अर्जही भरून तयार. तो गोऱ्हा तांबड्या वळूशी अनेक खुणांवर जुळला नाही, शेजाऱ्याच्या वळूशी सगळ्या खुणांवर जुळला.

तो वळू दिसायला अस्सल हायलँड, शिंगं आडवी आणि पुढे वळलेली, कपाळावरची झुलपं डोळ्यांखाली येणारी. पण त्याच्या आईबापांची कागदपत्रं कुणाकडेच नव्हती. त्यामुळे गोऱ्ह्याचा अर्ज रद्द केला. बिल्ले आणि पासपोर्ट कायदेशीर होतेच, ते तसेच राहिले. ऑबन गावातल्या पैदाशीच्या जनावरांच्या लिलावाला न्यायचं म्हणून मालकाने त्याला खच्ची न करता ठेवला होता. त्या आठवड्यात खच्ची करून मांसासाठीच्या गटात सोडला.