कायदा मायक्रॉनमध्ये, बाजार किलोत

प्लास्टिकची पिशवी दुकानदार नगावर विकत घेत नाही, किलोवर घेतो. प्लास्टिकबंदीचं काय होतं आणि का होतं, यातलं निम्मं उत्तर या एका गोष्टीत आहे.

हिशोब करून बघा. 8 इंच बाय 12 इंचाची पिशवी म्हणजे दोन्ही बाजू धरून साधारण 1240 चौरस सेंटिमीटर पॉलिथीन. त्याची घनता 0.92 धरली तर 50 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिशवी 5.7 ग्रॅमची होते आणि किलोत सुमारे 175 बसतात. तीच पिशवी 20 मायक्रॉनची केली की किलोत 440. 120 मायक्रॉनची केली तर जेमतेम 73. भाजीवाल्याला दिवसाला दोनशे पिशव्या लागत असतील तर तो कुठली घेईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. पिशवी पातळ होणं ही कुणाची बदमाशी नाही, ते किलोच्या भावाचं गणित आहे.

आपल्याकडचा जुना नियम नेमका इथेच अडकला. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईच्या तुंबलेल्या नाल्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं आणि 2006 च्या नियमांनी राज्यात किमान 50 मायक्रॉन आणि 8 बाय 12 इंच अशी मर्यादा घातली. आकार फूटपट्टीने मोजता येतो, जाडी डोळ्याला दिसत नाही. 40 आणि 50 मायक्रॉनमधला फरक म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि तो हातगाडीसमोर उभं राहून ठरवायचा. त्यात पिशवीवर ‘50 मायक्रॉन’ असं छापायला शाईशिवाय काही लागत नाही.

म्हणून 23 मार्च 2018 ची अधिसूचना मला मुळात शहाणी वाटते. महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम, 2006 खाली निघालेल्या या अधिसूचनेने हातपिशव्यांसाठी जाडीचा वादच संपवला. धरायला बंद असलेली असो वा नसलेली, कितीही जाड असो, बंदी. सोबत थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, वाट्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल. आणि बंदी फक्त वापराला नाही. उत्पादन, विक्री, वाहतूक, हाताळणी, साठवणूक सगळ्यालाच. हातातला साठा संपवायला तीन महिने दिले होते. प्रत्यक्ष कारवाई 23 जून 2018 पासून सुरू झाली. दंड पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

या दंडाच्या रचनेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. कोथिंबिरीच्या जुड्या विकणारी बाई आणि दोन टन माल ठेवणारं गोदाम, दोघांना पहिला दंड सारखाच. बाईसाठी ती आठवड्याची कमाई, गोदामासाठी चहापाण्याचा खर्च. वजनाशी जोडलेला दंड, म्हणजे किलोमागे अमुक रुपये, हा बाजाराच्या भाषेतला दंड झाला असता.

पुढे सवलती येत गेल्या आणि दारातून घालवलेला मायक्रॉन खिडकीतून परत आला. कारवाई सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत किराणा मालाच्या पॅकिंगला सूट मिळाली, अट 50 मायक्रॉनची. 2022 च्या अखेरीस न विणलेल्या कापडाच्या पिशव्यांना मोकळीक मिळाली, अट 60 जीएसएमची. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. या पिशव्यांना बाजारात सर्रास ‘कापडी’ म्हणतात. त्यात सुताचा एक धागा नसतो, ते पॉलिप्रॉपिलीन असतं, म्हणजे शुद्ध प्लास्टिक. दुसरीकडे केंद्राच्या नियमांनी 31 डिसेंबर 2022 पासून हातपिशवीची किमान जाडी 120 मायक्रॉन केली. त्यामुळे देशाच्या नियमात बसणारी, तसं ठळक छापलेली पिशवी महाराष्ट्रात पकडली जाऊ शकते. ‘यावर लिहिलंय ना 120’ हा बचाव इथे चालत नाही. राज्याचा नियम जास्त कडक असेल तर इथे तोच पाळायचा.

आता दुकानात किंवा सोसायटीत बसून काय तपासता येतं ते सांगतो. मायक्रोमीटर असेल तर एक पापुद्रा मोजू नका. दाब थोडा जास्त पडला की आकडा घसरतो. दहा पापुद्रे एकावर एक ठेवून मोजा आणि दहाने भागा. मायक्रोमीटर नसेल तर सोनाराकडे असतो तसा छोटा काटा पुरे. पिशवी उकलून तिचे एकेरी, 10 बाय 10 सेंटिमीटरचे दहा तुकडे कापा. 50 मायक्रॉनचं पॉलिथीन असेल तर वजन 4.6 ग्रॅमच्या आसपास भरतं, 120 चं असेल तर 11 ग्रॅम. न विणलेल्या पिशवीचे असेच दहा तुकडे 6 ग्रॅमपेक्षा कमी भरले तर ती 60 जीएसएमची नाही. तुकडे पिशवीच्या मधून घ्या. शिवण किंवा बंदाचा भाग आला की वजन फुगतं.

‘कंपोस्टेबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हिरवट पिशव्यांसाठी पाण्याची परीक्षा आहे. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. खरं कंपोस्टेबल प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं, घनता 1.2 च्या वर. बोटभर तुकडा घ्या, साबणाच्या पाण्यात चोळून बुडबुडे काढा आणि पेल्याच्या तळाशी नेऊन सोडा. वर आला तर ते साधं प्लास्टिक, विषय संपला. तळाशी राहिला तर मात्र लगेच खूश होऊ नका, कारण पॉलिथीनमध्ये खडूची भुकटी भरपूर मिसळली तर तेही बुडतं. म्हणजे ही परीक्षा खोटं पकडते, खरं सिद्ध करत नाही. त्यासाठी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि उत्पादकाचं नाव पिशवीवर हवं. आणि खरी असली तरी ती गच्चीवरच्या खताच्या टोपलीत विरघळणार नाही. तिची चाचणी 58 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या, मोठ्या खतप्रकल्पासारख्या ढिगात होते. सोसायटीच्या खड्ड्यात सहा महिन्यांनी चिंध्या निघतात त्या यामुळेच. शिवाय 2018 च्या मूळ अधिसूचनेत अशा पिशव्यांना सूट होती ती रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणीपुरती. वांगी भरून द्यायला नाही.

ताटल्यांचं प्रकरण जास्त फसवं आहे. कागदी कपाला आतून पॉलिथीनचा पातळ थर असतो. तो नसेल तर चहा पाच मिनिटांत बोटांवर येईल. जुलै 2022 मध्ये राज्याने असा थर दिलेल्या एकदा वापरायच्या वस्तूही बंदीत घेतल्या. ओळखायला कप अर्धा तास गरम पाण्यात भिजवा आणि कागद चोळून काढा, हातात पारदर्शक पापुद्रा उरतो. मशीनवर दाबलेल्या पत्रावळीतही पान आणि पुठ्ठा यांच्या मध्ये कधी कधी हाच पापुद्रा सापडतो. ऑर्डर देण्याआधी एक पत्रावळ आडवी फाडून बघा. काडीने टाचलेल्या पळसाच्या पत्रावळीत असली भानगड नसते. सुपारीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या बुडाकडच्या जाड आवरणाची, ताटली आमटी-भात नीट पेलते, पण ओलसर गोदामात ठेवली तर तिला बुरशी धरते. पावसाळ्यातल्या कार्यासाठी ती महिनाभर आधी आणून ठेवू नये.

थर्माकोलचा प्रश्न वजनाचा आहे, फक्त उलट्या बाजूने. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, त्यात सुमारे 98 टक्के हवा. घनमीटरला 15 ते 20 किलो. 10 घनमीटरचा टेम्पो काठोकाठ भरला तरी माल 150 ते 200 किलो. भंगारवाला हवा वाहून नेत नाही. दाबून ठोकळे करणारं यंत्र जवळ असेल तरच त्याला परवडतं, तेही माल कोरडा आणि स्वच्छ असेल तर. रंग, चमकी आणि डिंक लागलेलं मखर कुणीच घेत नाही. ते मोडतं, त्याचे मणी होतात आणि मणी नाल्याच्या जाळीवर जाऊन बसतात. 2018 च्या गणेशोत्सवाआधी सजावटीच्या थर्माकोलसाठी व्यावसायिकांनी उच्च न्यायालयात सवलत मागितली होती. न्यायालयाने ती नाकारली, ते बरंच झालं.

पुठ्ठ्याचं मखर वाकतं, लोंबतं, अशी तक्रार असते. चूक पुठ्ठ्याची नसते. तीन पदरी पुठ्ठा कमानीच्या नक्षीला ठीक, खांबाला पाच पदरीच हवा. त्याच्या आतल्या नळ्या उभ्या यायला हव्यात. आडव्या आल्या की भार पडताच घडी पडते. रंग एकाच बाजूला दिला तर सुकताना पुठ्ठा वळतो, म्हणून मागच्या बाजूलाही एक हात द्या, पांढरा चालेल. कापलेल्या कडा कागदी पट्टीने बंद करा, भाद्रपदातली ओल तिथूनच शिरते. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तर किडे लागत नाहीत, पण मोरचूद विषारी असतं; ती खळ वेगळ्या भांड्यात करा आणि मुलांपासून लांब ठेवा. मखर थेट फरशीवर उभं करू नका, खाली इंचभर लाकडी पट्ट्या द्या. समईपासून हातभर अंतर राखा.

राहता राहिली दुधाची पिशवी. 2018 मध्ये तिच्यावर 50 पैसे परतीची किंमत छापायची असं ठरलं होतं. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साधारण 3 ग्रॅमची, म्हणजे किलोला 330 पिशव्या आणि परतीचे 165 रुपये. किलोभर मळक्या प्लास्टिकच्या भंगारातून एवढे पैसे कुठला व्यापारी काढणार? परतीची योजना चालायची तर ते 50 पैसे ग्राहकाकडून आधीच घेतलेले हवेत, आणि ते परत देणारा माणूस दूध विकणाऱ्याच दुकानात हवा. नुसतं छापून भागत नाही. तरीही हे पॉलिथीन चांगल्या प्रतीचं असतं आणि धुऊन, उलटं करून वाळवलं तर भंगारात जातं. न धुतलेली एक पिशवी अख्ख्या गोणीला वास लावते. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चीर देऊन तो पिशवीला लटकता ठेवा. सुटलेला तिकोनी तुकडा वेचणाऱ्याच्या बोटांत येत नाही आणि ओल्या कचऱ्यासोबत थेट खतात जातो.