खानापूरच्या सालीवरलं लायकेन: नाव पक्कं होईपर्यंत

मसाल्यातलं दगडफूल आपल्याकडं घरोघरी असतं. ते लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून वाढणारा जीव, हे मला एम.एस्सी.ला कळलं. तेव्हाच बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या लायकेनांवर काम करायचं मनात धरलं. आधी वनखात्याची परवानगी. अर्ज कन्नडमधून होता, मैत्रिणीनं शेजारी बसून भरून घेतला.

जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस ओसरला की झाडांच्या साली बघण्यासारख्या असतात. मला ओढ ग्राफिस या लायकेनाची. पांढरट पातळ थरावर काळ्या बारीक रेघा, जणू कुणी पेनानं गिचमीड करून ठेवलंय. हा थर सालीत इतका रुतलेला असतो की पातळ चकती सालीसकटच काढावी लागते. मी चाकू चालवत असताना सोबतचे मामा म्हणाले, "ताई, झाडाला रोग लागलाय व्हय ओ?" नाही मामा. यातलं शैवाल उन्हावर स्वतःचं अन्न करतं, साल फक्त बसायला लागते. कितीतरी आंबेवाले याच गैरसमजापोटी खोडं खरवडतात, याचं मला वाईट वाटतं.

नमुना कागदी पाकिटातच ठेवायचा, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून बुरा येतो. झाड, उंची, ऊन की सावली, तारीख हे सगळं तिथंच लिहायचं.

प्रयोगशाळेत रेघेचा आडवा छेद घेऊन बीजाणू बघते. मग छेदावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. लायकेनमध्ये नॉरस्टिक्टिक नावाचं आम्ल असेल तर आधी पिवळं पसरतं आणि बघता बघता स्फटिकांच्या लाल सुया उगवतात. कितीदाही बघितलं तरी मी श्वास रोखून बघते. रसायनांवरून लायकेन ओळखायची ही वाट नायलँडर या फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1866 मध्ये दाखवली.

डीएनए काढणं जास्त चिवट काम. लायकेनमधली आम्लं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची क्रिया, अडवतात, म्हणून आधी ॲसिटोननं धुते. एकाच तुकड्यात शैवालाचाही डीएनए असतो, त्यामुळं प्रायमर, म्हणजे प्रत कुठून काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, फक्त बुरशीचा डीएनए धरणारे घ्यावे लागतात, कारण लायकेनचं शास्त्रीय नाव बुरशीचंच असतं. डीएनएमधला आयटीएस हा भाग 2012 पासून बुरशींचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, मानला जातो. माझ्या नमुन्याचा डीएनए-क्रम डेटाबेसमध्ये दोन वेगवेगळ्या नावांशी सारखाच जुळला. त्या नावांमागचे नमुने कुणी आणि कशावरून ओळखले, ते मात्र तिथं दिसेना. जपलेला नमुना मागं नसेल तर अशा जुळणीवर मी नाव ठरवत नाही.

म्हणून पुण्याला आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह गाठला. डॉ. पटवर्धन, डॉ. मखीजा यांच्या पिढीनं पश्चिम घाटात फिरून जमवलेली पाकिटं तिथं आहेत. जुन्या नमुन्यांतला डीएनए बहुधा तुटलेला असतो, तेव्हा भरवसा छेदावर आणि रसायनांवर. घडी उलगडली, आत सालीचा एवढासा तुकडा. रेघांची ठेवण, बीजाणूंची मापं, आम्ल, सगळं एका नावाशी जुळलं, दुसरं नाव बाद झालं.

एक नमुना मात्र कशाशीच जुळला नाही. नवी जात म्हणायला एवढासा तुकडा पुरत नाही. सध्या पाकिटावर नुसतं 'ग्राफिस' लिहून ठेवलंय, आणि पाऊस संपला की त्याच भागातली तसलीच झाडं पुन्हा तपासायची आहेत.