टाकी, डोंगल आणि आईची बटणं बंद करायची सवय

आमच्याकडे इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे, मग हौद भरला की मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं, आणि मोटर लावून विसरून जाणं हा आमच्या घरातला खानदानी रोग. टाकी वाहायला लागली की शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, "अहो, टाकी भरली होऽऽ तुमची!" या उन्हाळ्यात त्या महिनाभर लेकीकडे पुण्याला गेल्या आणि आमचा अलार्मच गेला.

म्हणून मी एक लीक सेन्सर आणला. काडेपेटीएवढा, झिगबीवर (म्हणजे वायफायसारखंच, पण घरातल्या छोट्या उपकरणांसाठीचं बिनतारी नेटवर्क) चालणारा, आत सीआर2032 बटण सेल. खालच्या बाजूला धातूचे दोन ठिपके असतात, पाणी दोघांना एकदम लागलं की सर्किट पूर्ण होतं आणि मोबाइलवर मेसेज. खरं तर हा वॉशिंग मशीनखाली ठेवायचा, पण मी टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपखाली ठेवायचं ठरवलं.

खाली हॉलमध्ये टीव्हीमागे रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, त्यावर घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंट आणि झिगबीचे निरोप त्याच्यापर्यंत पोचवणारं झिगबीटूएमक्यूटीटी, आणि पायलाच खोचलेलं झिगबी डोंगल, म्हणजे सेन्सरांशी रेडिओवर बोलणारी यूएसबी काडी. सेन्सर टेबलावर ठेवून बटण पाच सेकंद दाबलं, पेअर झाला म्हणजे डोंगलशी जोडला गेला, चमच्याने पाणी टाकलं, मेसेज आला, मी खुश. गच्चीवर नेला आणि खेळ खलास, टाकी धो धो वाहतेय आणि मोबाइल ढिम्म!

त्यात स्क्रीनवर बघावं तर सेन्सर ऑनलाइन. हे मला नंतर कळलं, सेलवरची उपकरणं बहुतेक वेळ झोपलेली असतात, त्यामुळे झिगबीटूएमक्यूटीटी त्यांना मूळ सेटिंगमध्ये तब्बल 25 तास गप्प राहिल्यावरच ऑफलाइन म्हणतं. म्हणजे सेन्सर काल दुपारीच गेला तरी आज सकाळी तो ऑनलाइन. तेव्हापासून मी तो शब्द बघतच नाही, 'शेवटचा कधी बोलला' ती वेळ बघतो.

मग मी शहाणपणा केला आणि झिगबीचं चॅनल, म्हणजे ती ज्या रेडिओ पट्ट्यात बोलते तो पट्टा, बदललं. झिगबी आणि वायफाय दोघं 2.4 गिगाहर्ट्झवरच, झिगबीची चॅनलं 11 ते 26, माझं होतं 11 आणि वायफाय 1 वर, म्हणजे बरोब्बर एकमेकांच्या उरावर. 25 वर नेलं. चूक नव्हती, पण झोपलेल्या सेन्सरांना हा बदल कळलाच नाही, घरातले दरवाज्यांचे चारही परत पेअर करत बसलो, अख्खा रविवार गेला, आणि गच्चीवाला तरी मुकाच.

खरा चोर डोंगलच्या शेजारी बसलेला. पायला चार यूएसबी पोर्ट, दोन काळे म्हणजे 2.0 आणि दोन निळे म्हणजे 3.0. निळ्यात माझी एसएसडी, म्हणजे पायची डिस्क, आणि तिला अगदी चिकटून दुसऱ्या निळ्यात डोंगल. यूएसबी 3.0 चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास बराच रेडिओ कचरा टाकतं, इंटेलनं 2012 मध्येच तसं लिहून ठेवलंय, मी ते वाचलं आत्ता. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकल्यासारखं चाललं होतं बिचाऱ्या डोंगलचं. जेल रोडवरून दीड मीटरची साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल आणली, काळ्या पोर्टात लावली, डोंगल टीव्हीच्या वर भिंतीला टेपनं चिकटवलं. दरवाज्यांच्या सेन्सरांची लिंक क्वालिटी, म्हणजे सिग्नल किती चांगला पोचतो त्याचा आकडा, 255 पैकी 40-50 असायची ती दीडशेच्या वर गेली. भिया, सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर न बदलता!

गच्चीपर्यंत मात्र दोन स्लॅब. झिगबीत लाइटवर कायम चालणारी बहुतेक उपकरणं दुसऱ्याचा सिग्नल पुढे ढकलतात, सेलवाली नाही ढकलत. म्हणून जिन्यात वरच्या लँडिंगला एक स्मार्ट प्लग लावला आणि पेअरिंग फक्त त्या प्लगमधूनच उघडून सेन्सर जोडला. चालला मस्त. रात्री दहापर्यंत.

रोज दहा वाजता बंद पडायचा, मी तीन दिवस लॉग वाचले, फर्मवेअर (उपकरणातलं आतलं सॉफ्टवेअर) बदललं, बायको म्हणाली एकदा जिन्यात जाऊन बघ तरी. गेलो तर आई झोपायच्या आधी घरभर फिरून सगळे स्विच बंद करतायत, त्यात सॉकेटचा पण. "काही लावलेलं नाही त्याला, उगाच कशाला चालू?" बरोबरच आहे, त्या प्लगला काहीच लावलेलं नव्हतं. मी स्विचवर टेप लावली, ती त्यांनी कचरा समजून काढली.

शेवटी लाइटवाल्याला बोलावलं, त्याने एकदा प्लगकडे एकदा माझ्याकडे बघितलं, "भिया, डायरेक्ट कर दूँ?" आणि सॉकेटचा स्विच बायपास करून टाकला. त्या रात्री आई जिन्यात बराच वेळ खटखट करत होत्या. मग हाक आली, "अरे, हा लाल दिवा बंद कुठून होतो?"