छत्तीस कप्पे, सत्तावीस सह्या

चार पानं, पानाला नऊ कप्पे, एकूण छत्तीस; एकेका कप्प्यात बेसबॉल खेळाडूनं सही केलेलं एक कार्ड. गेल्या मार्चमध्ये कोऱ्या बाइंडरच्या पहिल्या पानावर पेन्सिलनं ‘समरसेट २०२४’ लिहिलं तेव्हा वाटलं होतं, सप्टेंबरपर्यंत उरकेल. आता २०२५ चा जानेवारी उजाडलाय, बाहेर बर्फ साचलंय आणि भरलेत सत्तावीस. गेल्या वर्षी याच सुमारास आधीच्या बाइंडरमध्ये तेरावर अडकले होते, त्या मानानं बरंच म्हणायचं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला राहते. आमच्या गावात बालाजीचं मोठं देऊळ आहे आणि रेल्वे स्टेशनला लागून बेसबॉलचं मैदान आहे. देवळात मी सणावारी जाते. मैदानावर किती वेळा जाते ते घरी विचारू नका. तिथं खेळणारा समरसेट पेट्रियट्स २०२१ पासून न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए संघ आहे. त्याआधी तो स्वतंत्र लीगमध्ये खेळायचा. डबल-ए म्हणजे शिडीची वरून तिसरी पायरी: वर ट्रिपल-ए, त्याच्या वर थेट मेजर लीग, जिथं खुद्द यांकीज खेळतात. क्रिकेटच्या भाषेत रणजी म्हणा हवं तर, फक्त इथं तुम्ही कुठल्या संघातून खेळायचं ते रोज सकाळी दुसरंच कुणीतरी ठरवतं.

माझे नियम तीन. सही विकत घ्यायची नाही; समोर उभं राहून किंवा टपालानं मिळवायची. सही करताना खेळाडू समरसेटच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, असला पाहिजे. आणि एका खेळाडूला एकच कप्पा, मग तो उद्याचा स्टार असो की परवा घरी जाणारा. या नियमांपायीच नऊ कप्पे रिकामे राहिले, पण ते मी सोडणार नाही.

हिशोब असा. समोरासमोर एकोणीस, टपालानं आठ. टपालानं चौदा पाकिटं गेली होती; दोन ‘पत्त्यावर नाही’चा शिक्का घेऊन परत आली, चार अजून कुठंतरी आहेत. प्रत्येक पाकिटात आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घालायचं, ही रीत नवे लोक विसरतात. २०२३ च्या करारानंतर डबल-एच्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार १३,८०० डॉलरवरून ३०,२५० झाला. तरी तिकिटाचा खर्च त्यानं का करावा? जुलै २०२४ मध्ये एक तिकीट ७३ सेंटचं झालं, म्हणजे तेव्हा जाता-येता जवळपास दीड डॉलर. आणि आत टॉपलोडर, म्हणजे कार्डाचं कडक प्लास्टिकचं कवच, घालू नका. पाकीट टपालाच्या यंत्रातून वळत नाही आणि जादा पैसे पडतात. मी दोन जुन्या, कुणाला नको असलेल्या कार्डांमध्ये आपलं कार्ड दाबून पाठवते. सँडविचच म्हणा.

आता मे महिन्यातली माझी चूक, म्हणजे तुमच्या हातून तरी होणार नाही. बोमन क्रोम या छापाचं कार्ड आरशासारखं चकचकीत असतं. त्या चकाकीवर शार्पी मार्कर पेनाची शाई धरत नाही. म्हणून आदल्या रात्री चिमूटभर बेबी पावडर टाकून मऊ कापडानं गोल गोल पुसायचं, मग कोरड्या कापडानं पावडर झाडायची. हे मी पहिल्या वर्षापासून करते. त्या दिवशी ऑफिसचा कॉल लांबला, कार्ड तसंच पिशवीत टाकलं आणि पळाले. एका इनफिल्डरनं छान सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत ती निळी रेघ आक्रसली आणि तिचे ठिपके झाले. साखरेवर मुंग्या बसाव्यात तसं दिसत होतं. तो बिचारा म्हणाला, दुसरं आहे का? दुसरं नव्हतं. मुंग्यांची सही अकराव्या कप्प्यात आहे. बदलायची होती, पण पंधरा दिवसांत तो वरच्या संघात गेला.

सही झाल्यावर लगेच प्लास्टिकच्या पातळ पिशवीत सारायची घाई करू नका, हेही सांगून टाकते. मिनिटभर हवेवर धरा. आमचे चिरंजीव पूर्वी पार्किंगच्या पावतीनं वारा घालायचे. खरं तर हा छंद त्याच्यामुळे लागला. लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान पोरांच्या बेसबॉलमध्ये, होता तेव्हा त्याला सह्या हव्या असायच्या, मी नुसती पेन धरून उभी. आता तो पंधराचा आहे, त्याला हे सगळं लाजिरवाणं वाटतं आणि पेन अजून माझ्याच हातात आहे. आई, तू सही मागतेस की मुलाखत घेतेस, असं तो विचारतो. त्याचं बरोबर आहे. मी आधी नाव नीट उच्चारते, कालच्या खेळीबद्दल एक वाक्य बोलते, मग कार्ड पुढे करते. सांगलीत शाळेत असताना बिग फनच्या च्युइंगममधून निघालेली क्रिकेटची कार्डं दप्तरात लपवून नेत होते. त्यातला कुणी कधी समोर उभा राहील आणि ‘नाव काय तुमचं?’ विचारेल, हे तेव्हा स्वप्नातही आलं नसतं. इथं विचारतात. माझं नाव दोनदा चुकीच्या स्पेलिंगनं लिहून मिळालंय, तेव्हापासून नाव घालून सही घेणं बंद केलं.

४ जूनचा मंगळवार. गेरिट कोल, यांकीजचा पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) आणि २०२३ चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, विजेता, कोपर दुखावल्यानंतर पहिल्यांदाच सामन्यात चेंडू टाकणार होता, तोही आमच्या मैदानावर. अशा पुनर्वसनाच्या सामन्यांना आमचं गाव सरावलंय, पण त्या दिवशीची गर्दी वेगळी होती. दारं उघडायच्या आधीच एकेकाच्या पाठीवर सॅक, सॅकमध्ये डझनभर चेंडू. ही मंडळी पाहिली की कळतं, चेंडू संध्याकाळी ऑनलाइन विकायला जाणार. पुढं कठड्याला लहान पोरं, त्यांच्या डोक्यावरून हात, हातात पेनं. मी दोन मिनिटं उभी राहिले आणि मागं सरकले. माझ्या नियमात कोल बसतो का, हाही प्रश्न होताच. कागदोपत्री त्या दिवशी तो समरसेटकडून खेळला, तीन डाव पुरे आणि चौथ्यातला एक गडी. पण पाहुण्याला कप्पा द्यायचा म्हणजे घरच्या कुणाचा तरी काढायचा. नाही दिला.

मागं सरकले म्हणून बुलपेनच्या, म्हणजे पिचर हात गरम करतात त्या जागेच्या, बाजूला गेले. तिथं एक रिलिव्हर, म्हणजे मधेच बदली म्हणून येणारा पिचर, कठड्याला टेकून एकटाच बसला होता, हातात सूर्यफुलाच्या बिया. त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं. त्याचं टॉप्सचं किंवा बोमनचं कार्ड मला कुठंच सापडलं नव्हतं, म्हणून मी स्वतःच छापून घेतलं होतं: जाड कागद, मी काढलेला फोटो, खाली नाव आणि क्रमांक. असं घरगुती कार्ड पुढे करताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. त्यानं ते हातात घेतलं, उलटलं, मागचे आकडे वाचले. एक आकडा चुकला होता, तो त्यानं हसत दाखवला. मग सही केली आणि विचारलं, अजून एक आहे का, आईला पाठवायचंय. माझ्याकडे तीन होती, दोन त्याला दिली. ऑगस्टमध्ये त्याला संघातून सोडलं. बाजारात या सहीला कुणी डॉलरही देणार नाही. चुकलेला आकडा तसाच ठेवलाय.

याच्या उलट टोकाला स्पेन्सर जोन्सचा कप्पा. साडेसहा फुटांचा आउटफिल्डर, यांकीजनं २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत घेतलेला खेळाडू, आणि २०२४ चा अख्खा हंगाम समरसेटमध्ये. २०० वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाला, तरी त्याच्याभोवतीची गर्दी काही हटली नाही. हंगामभर इथंच आहे म्हटल्यावर मला घाई वाटली नाही; आधी जे जातील त्यांच्या मागं लागू, हा उद्या मिळेलच. सप्टेंबर आला, हंगाम संपला, कप्पा रिकामा. आमच्यात म्हण आहेच, काखेत कळसा, गावाला वळसा. बाहेर त्याच्या सह्या हव्या तितक्या विकत मिळतात, पण पहिला नियम आडवा येतो.

टपालाच्या आठांपैकी एकावर मात्र वाद होऊ शकतो. जुलैत मी पाकीट ब्रिजवॉटरच्या मैदानाच्या पत्त्यावर टाकलं, दुसऱ्या दिवशी बातमी आली की पिचर स्क्रॅन्टनला, म्हणजे ट्रिपल-एला गेला. कुणीतरी ते पाकीट त्याच्या मागोमाग पेन्सिल्व्हेनियात पाठवलं असावं, कारण ऑक्टोबरमध्ये कार्ड सही होऊन आलं तेव्हा टपालाचा शिक्का तिकडचा होता. पाठवलं तेव्हा तो समरसेटचा, सही केली तेव्हा नाही. मी कार्ड कप्प्यात ठेवलं आणि मागं पेन्सिलनं छोटी फुली मारली. जाणकारांनी मत द्यावं. मला तर ते पाकीट एवढ्या उठाठेवीनंतर पोचलं, याचंच कौतुक.

पाहुण्या संघांच्या सह्या मी बाइंडरमध्ये ठेवत नाही, पण अदलाबदलीसाठी घेते. २०२१ पासून मालिका मंगळवार ते रविवार, सलग सहा सामन्यांची असते, सोमवारी सुट्टी. त्यामुळे एखादा संघ आला की आठवडाभर मुक्कामी. पहिल्या दोन दिवसांत चेहरे ओळखायचे, बुधवारी-गुरुवारी मागायचं, रविवारी पोरांच्या गर्दीत मुळीच नाही, हे माझं वेळापत्रक. बॉस्टन रेड सॉक्सच्या डबल-ए संघाचे, म्हणजे पोर्टलंडचे, रोमन अँथनी, मार्सेलो मायर आणि काइल टील या तिघांमागं २०२४ च्या उन्हाळ्यात सगळेच होते. ऑगस्टमध्ये तिघेही एकदमच ट्रिपल-एला गेले आणि डिसेंबरात टील पिचर गॅरेट क्रोशेच्या बदल्यात शिकागोला. माझ्याकडे टीलचं एक कार्ड आहे. ते दोन समरसेटकरांच्या बदल्यात द्यायला तयार आहे, एकाच्या नाही.

भारतातले नातेवाईक हमखास विचारतात, आपलं कुणी आहे का त्यात. आहे, म्हणून हे वळण. २००८ साली भारतात वेगानं चेंडू फेकायची स्पर्धा झाली, तिच्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांना करारबद्ध केलं. दोघंही मूळचे भालाफेकपटू. जुलै २००९ मध्ये रिंकूनं फ्लोरिडातल्या अगदी खालच्या लीगमध्ये सामना जिंकला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये विजय नावावर असलेला तो पहिला भारतीय. पुढं तो वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघापर्यंत चढला, मग दुखापती, शस्त्रक्रिया आणि २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीचा झगमगाट. मला हवंय ते त्याच्या पॉवरच्या दिवसांतलं कार्ड, त्याच दिवसांत सही केलेलं. कुस्तीवाल्या नावाची सही सापडते, ती मला नकोय.

आणि कुमार रॉकर. आई भारतीय वंशाची, नाव चक्क कुमार. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क मेट्सनं त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण करार झाला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कमधल्या ट्रॉयला, ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्सकडून स्वतंत्र लीगमध्ये खेळत होता. माझ्या घरापासून तीन तासांवर. एका शनिवारी निघायचं पक्कं केलं होतं, डबाही भरून झाला होता, आणि मंडळाच्या नाटकाची तालीम ऐनवेळी त्याच दिवशी आली. माझी भूमिका शेजारणीची, चार वाक्यांची. म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. जुलैमध्ये टेक्सास रेंजर्सनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं आणि व्हॅलीकॅट्सचा विषय संपला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला तेव्हा मी टीव्हीसमोर ती चारही वाक्यं म्हणून दाखवली. घरात कुणी हसलं नाही.

पुढचं काम. सगळे बाइंडर खिडकीजवळच्या फळीवरून कपाटात हलवलेत, कारण उन्हानं शार्पी उडते आणि २०२१ च्या दोन सह्या आता जांभळट दिसू लागल्यात. नव्या निळ्या शार्पीची डबी आणलीय; काळी मी वापरत नाही, छापील सहीसारखी दिसते. नऊ रिकाम्या कप्प्यांपैकी चौघांना अजून यांकीजनं सोडलेलं नाही, म्हणजे एप्रिलमध्ये ते पुन्हा इथं असू शकतात. तसं झालं तर ‘समरसेट २०२४’च्या कप्प्यात २०२५ ची सही चालेल का, हा नवा घोळ. रोस्टरचा नियम मोडत नाही, पाटीवरचं साल तेवढं खोटं ठरतं. पेन्सिलनं लिहिलंय ते एका परीनं बरंच झालं.

पाहुण्या संघांपैकी हार्टफर्डचे दोन पिचर आणि बिंगहॅम्टनचा एक कॅचर माझ्याकडे डबल आहेत, तिन्ही निळ्या शाईत, पावडर लावून घेतलेले. कुणाकडे २०२४ च्या हंगामातला समरसेटचा कुठलाही कॅचर असेल तर आधी मला सांगा. अदलाबदल चालते, नियमात फक्त विकत घेणं बसत नाही.