दिवाळी अपडेट: सात दिवस, 1,190 शब्द आणि एक कुकारा

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये छातीठोकपणे लिहिलं होतं की दिवाळीत सासरी गावाला गेले तरी रोज माझ्या कथेचे 500 शब्द पाडणार म्हणजे पाडणार. तर हिशोब आधीच देऊन टाकते. 17 ते 23 ऑक्टोबर, वसुबारस ते भाऊबीज, सात दिवसांत झाले 1,190. हसा.

वसुबारस शून्य. डोंबिवलीहून गुहागरकडे जाताना गाडीत लिहीन म्हणून मोबाइल फुल चार्ज केलेला, पण मुंबई-गोवा हायवेवर टाइप करून बघा एकदा, माझ्या 'समुद्रा'चा 'समोसा' झाला तेव्हा मोबाइल पर्समध्ये टाकला. धनत्रयोदशीला 60, रविवारी परत शून्य. चूक अशी झाली की मी ठरवलं होतं सगळे झोपले की लिहायचं, आता घरात चौदा माणसं, माजघरात ओळीने गाद्या, दिवा लावला तर कोणीतरी उठणार आणि नाही लावला तर मीच झोपणार, तसंच झालं.

जमलं ते नरकचतुर्दशीला आणि तेही प्लॅन न करता. चारला उठवलं, माझी आंघोळ पहिल्या नंबरात, तुळशीपाशी कारीट फोडून झालं, आणि मग न्हाणीघर एक आणि माणसं तेरा बाकी! दीड तास मी पडवीत बसून वहीत लिहीत होते, 310 झाले. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, वाण्याची यादी का?" मी हो म्हटलं. (यादी म्हटलं की कोणी वाचायला मागत नाही, ही टिप फुकट घ्या.)

लक्ष्मीपूजनाला 90, करंज्यांच्या नावाने.

आता खरी गोष्ट. माझी तरीवाल्याची, म्हणजे होडीतून माणसं पलीकडे नेणाऱ्याची कथा आठवतेय ना, दाभोळ-धोपावे खाडीवरची? 2003 मध्ये फेरीबोट आली, त्यानंतर हा माणूस सकाळी उठून करतो काय, इथे मी दोन महिने अडकलेले. पाडव्याला फराळ करताना चुलत सासऱ्यांना सहज विचारलं, काका, पूर्वी तरीची होडी पलीकडे असली तर बोलवायचं कसं? तर म्हणाले, "कुकारा घालायचा गो, रात्रीअपरात्री पण. त्याची बायको आधी जागी व्हायची." (कुकारा म्हणजे लांबवर ऐकू जाईल अशी हाक.) बास! माझा सगळा ड्राफ्ट त्या माणसाच्या डोक्यात चाललेला आणि बायकोला एक वाक्य नव्हतं. फेरीबोट आल्यावरही तिलाच पहाटे कुकारा ऐकू येतो, तो आपला घोरतोय. त्या दिवशी 520, हात दुखेपर्यंत. भाऊबीजेला परतीच्या प्रवासात 210, यावेळी वहीत, अक्षर मलाच लागत नाहीये.

आकड्यांबद्दल एक. नॅनोरायमो म्हणून नोव्हेंबरात महिनाभरात कादंबरी लिहायचं आव्हान असायचं, त्याचं महिन्याला 50,000, म्हणजे रोज 1,667, ते डोक्यात ठेवून मी 500 ला किरकोळ समजत होते. पण ते गणित इंग्रजीचं. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'होडीवाल्यासारखाच' हा काउंटरला एकच शब्द. त्यामुळे सुट्टीत मी शब्द मोजणं बंद करतेय, वहीचं एक पान म्हणजे दिवस भरला, मग त्यात नुसते कोणाचे ऐकलेले संवाद असले तरी चालतील. रात्रीचं लिखाण मात्र गावाला बादच.

सध्या कथा 2,900 वर आहे, शेवट नाही. वहीतलं टाइप करायला घेतलं की मी तिथेच दुरुस्त्या करत बसते आणि पुढे जातच नाही. तुम्ही कसं करता, जसंच्या तसं उतरवून घेता का आधी? नाताळात परत जायचंय, त्याआधी सांगा.